मला जिना चढवत नाही

अध्यक्ष महोदय, काकू आणि मित्रहो,

काकूंचं नाव घेतलं म्हणून तुमच्यातल्या काहींनी पहिल्या रांगेकडे पाहिलंत. त्या तिथं नाहीत. त्या खाली, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलाशी बसल्या आहेत. ग्रंथपालांनी जिन्यावरून वायर सोडून एक छोटा स्पीकर खाली ठेवला आहे, त्यावर त्या माझं बोलणं ऐकताहेत. ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या त्या पत्नी. आजवर एकही व्याख्यान त्यांनी चुकवलेलं नाही. पंधरवड्यापूर्वी मी घरी गेलो तेव्हा म्हणाल्या, "ऐकायचंय रे तुझं. पण मला आता जिना चढवत नाही."

संयोजकांना मी विषय कळवला होता 'भाषा, अपंगत्व आणि सर्वसमावेशक रचना'. पत्रिकेवर तो भारदस्त दिसतो. पण काकूंनी माझं सगळं टिपण एका वाक्यात मोडीत काढलं. आज बोलणार आहे ते त्या वाक्यावर.

मास्तर आम्हाला आठवीत व्याकरण शिकवायचे. मो. के. दामल्यांचं 1911 सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' कायम टेबलावर, पुठ्ठा निखळलेला. शक्य क्रियापदांच्या तासाला त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली: मला जिना चढवतो. मला पायरी चढवते. मला टेकाड चढवतं. मग विचारलं, "क्रियापद कुणाचं ऐकतंय?" आम्ही एका सुरात म्हटलं, बोलणाऱ्याचं. मास्तर खूश झाले. आम्ही चुकलो की त्यांना फार आनंद व्हायचा. बोलणारा मुलगा असो की मुलगी, एकटा असो की दहाजण, क्रियापद तिकडे ढुंकूनही पाहत नाही. ते जिन्याचं लिंग घेतं, पायरीचं लिंग घेतं. जिने झाले की 'चढवतात' होतं. जिना प्रथमेत ऐटीत उभा आणि माणूस आपला चतुर्थीत, कडेला.

तेव्हा हे परीक्षेपुरतं पाठ केलं. पुढे आर्किटेक्ट झालो, पंचवीस वर्षं लोकांच्या इमारती काढल्या, सरकारी कचेऱ्यांमधल्या अडथळ्यांच्या पाहण्या केल्या, तेव्हा त्या फळ्याचा अर्थ लागला. 'काकू अपंग आहेत' असं म्हटलं की जिना वाक्यातून गळून पडतो. उरतात फक्त काकू आणि त्यांचे गुडघे. 'काकूंना जिना चढवत नाही' म्हटलं की जिना जागेवर राहतो, आणि त्याचं काय करायचं हा प्रश्नही. वाक्यातून गळलेली वस्तू नकाशातही कुणी शोधत नाही, हे मी माझ्याच जुन्या नकाशांवरून सांगतो.

हाच फरक 1976 साली लंडनमधल्या अपंग कार्यकर्त्यांच्या एका गटानं इंग्रजीत मोठ्या कष्टानं मांडला. शरीरातली उणीव एक, आणि समाजाच्या मांडणीनं होणारी अडवणूक दुसरी. अपंगत्व म्हणायचं ते दुसरीला. स्वतः चाकाच्या खुर्चीतून वावरणाऱ्या मायकेल ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञानं 1983 मध्ये त्याला 'सोशल मॉडेल' हे नाव दिलं. त्यांना त्यासाठी दोन शब्दांची फारकत करावी लागली. आपल्याकडे ती विभक्तीत पडून होती.

यावरून मराठी फार थोर आणि निष्पाप, असं कुणी घरी घेऊन जाऊ नये. क्रियापदांत आपण जितके समंजस, तितके नामांत निर्दय आहोत. आंधळा, पांगळा, थोटा, लुळा, बहिरा, मुका, चकणा, खुळा. एकेक शब्द दगडासारखा, आणि दगडासारखाच वापरलेला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. वासरात लंगडी गाय शहाणी. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा, मुका असे सगळे येऊन उभे राहतात, पण ते रूपक म्हणून; आंधळेपण अज्ञानाचं, पांगळेपण साधनहीन जिवाचं. संतांना दोष देत नाही, रूपकाला काहीतरी लागतंच. मात्र रूपक म्हणून शतकानुशतकं राबलेल्या माणसाला बसमध्ये चढताना माणूस म्हणून पाहणं जड जातं. गीतेच्या ध्यानश्लोकांतही पांगळा पर्वत ओलांडतो तो ईश्वरी कृपेनं. त्या पर्वताला वाट काढावी, असं श्लोकात कुणाच्या मनात आलेलं नाही.

आणि ती म्हण: नाचता येईना, अंगण वाकडं. सबबी सांगणाऱ्याच्या तोंडावर मारायला आपण ती वापरतो. माझा धंदा असा की मी खरोखरच पट्टी आणि पाणसळ घेऊन अंगण मोजतो. ते बहुतेक वेळा वाकडं निघतं.

नामं दुखावतात म्हणून आपण ती बदलत आलो. आंधळ्याचा अंध झाला, मग दृष्टिहीन, मग दृष्टिबाधित. मूकबधिरचं कर्णबधिर झालं. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो, कारण ऐकू न येणाऱ्या मुलाचा गळा बहुधा शाबूत असतो. 'मूक' हा शब्द त्या समासात बसून राहिला तोवर त्याला बोलायला, निदान हातांनी बोलायला, शिकवण्याची घाई फार थोड्यांना होती. सगळेच बदल इतके नेमके नसतात. ऑटिझमला आपण 'स्वमग्नता' म्हटलं. शब्द देखणा आहे, कवितेत शोभेल. पण त्यातून मूल स्वतःतच रमलंय असं वाटतं. प्रत्यक्षात वर्गातला पंखा, ट्यूबलाइटचा गुंजारव, तीस मुलांचा गलका हे सगळं एकदम अंगावर येत असल्यानं ते कानावर हात ठेवून बसलेलं असू शकतं. 'मग्न' म्हटल्यावर पंख्याचा आवाज कमी करायचं कुणाला सुचेल?

'दिव्यांग' या शब्दावर मी काय म्हणतो याची काहीजण वाट पाहत असतील. 27 डिसेंबर 2015 रोजी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये तो सुचवला. पुढच्या वर्षी केंद्रातल्या विभागाचं हिंदी नाव बदललं, अपंगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याच्या हिंदी नावात तो आला, महाराष्ट्रात 'दिव्यांग कल्याण' नावाचा स्वतंत्र विभागही उभा राहिला. काही मित्र तो अभिमानानं लावतात. काहींना त्याचा राग येतो; आम्हाला देवत्व नको, दरवाजाची रुंदी हवी, असं ते म्हणतात. ज्याला जे नाव हवं त्या नावानं हाक मारावी, एवढंच माझं धोरण. माझी तक्रार शब्दाबद्दल नाही, शब्दावर थांबण्याबद्दल आहे. एका तालुक्याच्या कचेरीत मी पाहणीला गेलो तेव्हा पाटीवरचं 'अपंग' खरवडून 'दिव्यांग' रंगवलं होतं, रंग ओला होता. खालचा रॅम्प तोच होता. जोतं दोन फूट उंच, रॅम्प सहा फूट लांब. एकास बारा हे प्रमाण धरलं तर दोन फुटांना चोवीस फूट लांबी लागते. एकास तीनचा तो रॅम्प मोटारसायकल चढवायला उत्तम होता, आणि त्यावर ती उभीही होती.

रॅम्पला मराठीत 'उतार' लिहितात. माझ्या मनात नेहमी येतं, की कचेरीत शिरणाऱ्याला तो चढ असतो. उतार म्हणणारा माणूस आधीच वर बसलेला असतो.

आता आकड्यांकडे येतो, कारण शब्दाचा खरा पराक्रम तिथं दिसतो. ब्रिटिशांच्या जनगणनेत 1872 पासून 1931 पर्यंत 'व्यंगां'ची मोजणी व्हायची. पुढे ती बंद पडली आणि 1981 मध्ये परत आली. तेव्हा घरोघरी विचारलं गेलं ते तीन प्रकारच्या माणसांबद्दल: पूर्ण आंधळे, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके. तीन नामं आणि तिन्हींच्या आधी 'पूर्ण'. कुठली आई दारात आलेल्या परक्या माणसाला सांगेल, की हो, माझा मुलगा पूर्ण मुका आहे? आणि ज्याला एका डोळ्यानं अंधुक दिसतं, जो काठी टेकत शेतावर जातो, त्याचं काय? आकडा निघाला सुमारे 11 लाख. 1991 मध्ये प्रश्नच गाळला. 2001 मध्ये तो आला तेव्हा पाहण्यात, बोलण्यात, ऐकण्यात, हालचालीत आणि मानसिक अशी विचारणा होती. नामांच्या जागी क्रिया येऊ लागल्या होत्या. आकडा आला 2 कोटी 19 लाख. 2011 मध्ये 2 कोटी 68 लाख, त्यात महाराष्ट्रातले साडेएकोणतीस लाखांवर. 1981 ते 2001 या वीस वर्षांत देशातली इतकी माणसं काही एकाएकी अपंग झाली नव्हती. लोकसंख्या वाढली, मोजणाऱ्यांना थोडं शिकवलं गेलं, हे खरं. पण वीसपटीनं फुगलेल्या आकड्यामागे मोठा हात प्रश्नाच्या शब्दांचा आहे, असं माझं मत आहे. 1981 साली उरलेली माणसं या देशातच होती. तीन नामांत ती मावली नव्हती, आणि जी मोजली गेली नाहीत त्यांच्यासाठी पायरीची उंची कमी करण्याचं कारणही नव्हतं.

संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली 2001 मध्ये 'वॉशिंग्टन ग्रुप' नावाचा गट बसला. त्यांनी तयार केलेल्या सहा प्रश्नांच्या संचात अपंग हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? श्रवणयंत्र लावूनही ऐकू यायला? चालायला, पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला? अंघोळ, कपडे घालणं? आपलं म्हणणं दुसऱ्याला कळवणं आणि त्याचं समजून घेणं? त्रास नाही, थोडा, खूप, की जमतच नाही, यांतलं एक उत्तर. हे मराठीत करून पाहा. भाषांतर करावंच लागत नाही, काकूंना विचारल्यासारखे प्रश्न होतात: दिसतं का, ऐकू येतं का, चढवतं का?

आपल्या कचेऱ्यांमध्ये मात्र वेगळाच प्रश्न चालतो. "किती टक्के?" खिडकीपलीकडून पहिला हाच येतो. कायद्यानं बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची रेघ आखली आहे, आणि कुठंतरी रेघ आखावी लागते हे मला समजतं. पण लोक आता स्वतःची ओळखच तशी करून देतात: मी पंचेचाळीस टक्के, माझी बहीण सत्तर टक्के. माणसाचं प्रमाणपत्र निघतं. जिन्याचं कुणी काढत नाही. या वाचनालयाच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत, त्यातल्या तीन बाकीच्यांपेक्षा उंच आहेत, कठडा फक्त डावीकडे आणि वळणावर तोही संपतो. हा जिना किती टक्के?

मघाच्या शक्य क्रियापदाकडे परत जातो, कारण मास्तरांनी त्या तासाला एक गंमत शेवटी राखून ठेवली होती. 'चढवतो' हे रूप दोन ठिकाणी येतं. 'मला जिना चढवतो' यात शक्यता आहे. 'शिपाई मला जिना चढवतो' यात प्रयोजक क्रियापद आहे, म्हणजे क्रिया दुसरा कुणी करवून घेतो. रूप तेच, अक्षर न अक्षर तेच. मास्तर म्हणाले, परीक्षेत फसाल. परीक्षेत काही फसलो नाही, नोकरीत फसलो. एका शाळेच्या इमारतीचा आराखडा सादर करताना मला विचारलं गेलं, लिफ्ट कशाला? शिपाई आहेत, चौघं मिळून मुलीला खुर्चीसकट वर चढवतील. मी मान डोलावली. त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, आणि लिफ्टचे पैसे वाचत होते. पुढे कळलं की ती मुलगी शाळेत पाणीच प्यायची नाही. प्यायलं तर खाली यावं लागेल, आणि खाली यायचं तर चार माणसांना हाक मारावी लागेल. नववीत तिनं शाळा सोडली. त्या नकाशावर माझी सही आहे.

प्रयोजकाला आपल्याकडे माणुसकी म्हणतात, आणि ती असतेही. पण आपल्या सगळ्या सोयी त्याच एका अर्थानं चालतात. 'सवलत' हा शब्दही त्याच घरातला: देणारा वर, घेणारा खाली.

मुलांच्या खेळात याला नेमका शब्द आहे, कच्चा लिंबू. लहान भावंडाला खेळायला घ्यायचं, पण ते बाद होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही, त्यानं कुणाला पकडलं तरी ते धरत नाहीत. जयवंत दळवींच्या 'ऋणानुबंध' या कादंबरीवरून 2017 मध्ये सिनेमा निघाला, विशेष मुलाच्या आईबापांचा. त्याला हेच नाव दिलं आणि ते चपखल बसलं. मागच्या बाजूचा वेगळा दरवाजा, कुलूप लावलेलं आणि झाडू ठेवलेलं शौचालय, ज्या पानावर फक्त चित्रं आहेत अशी 'सुलभ' आवृत्ती: हे सगळे कच्चे लिंबू. याउलट आंधळी कोशिंबीर पाहा. ज्याच्या डोळ्यांवर पट्टी त्याला खेळता यावं म्हणून मैदान सगळ्यांसाठीच आखून लहान करतात, टाळी सगळेच वाजवतात. लहानपणी नऊवारीच्या पदराची पट्टी बांधून जो खेळ खेळलो, त्यात रॉन मेसनं 1985 मध्ये नाव दिलेलं युनिव्हर्सल डिझाइन पुष्कळसं होतं. नऊ वर्षांचा असताना पोलिओ झालेला हा अमेरिकन आर्किटेक्ट. त्याचं म्हणणं इतकंच, की वेगळं काही जोडावं न लागता मूळ वस्तूच जास्तीत जास्त लोकांना वापरता यावी. आपल्याकडे पांगुळगाडा आहेच की! नावात पांगळेपण असूनही त्यात कुणाला अपमान वाटत नाही, कारण तो प्रत्येकानं ढकललेला असतो.

परकी मापं जशीच्या तशी आणली की काय होतं, तेही सांगतो. मराठीत बसण्याचे किती प्रकार? मांडी घालून, उकिडवं, फतकल मारून, एक गुडघा उभा करून, पाय पोटाशी घेऊन. इंग्रजी मानकांत माणूस बसतो म्हणजे खुर्चीवर बसतो. पाश्चात्त्य बनावटीचा कृत्रिम पाय बुटासाठी घडवलेला होता. तो लावलेला शेतकरी चिखलात उतरू शकत नव्हता, उकिडवा बसू शकत नव्हता, अनवाणी देवळात जाऊ शकत नव्हता. त्यानं तो खुंटीला टांगला आणि कुबडी घेतली, तर दोष अडाणीपणाचा ठरला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि मास्टरजी म्हणून ओळखले जाणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, अनवाणी चालणारा, मांडी घालू देणारा पाय घडवला. सेठींना 1981 चा मॅगसेसे मिळाला. मला त्यातले मास्टरजी जास्त जवळचे वाटतात, कारण 'बसणं' म्हणजे काय हे त्यांना कुणी वेगळं सांगावं लागलं नसणार.

कायद्याचीही भाषा असते, आणि तिथं मास्तरांचे अर्थ आठवतात: आज्ञार्थ, विध्यर्थ. 2016 चा कायदा सुगम्यतेची सक्ती करतो. त्याखालच्या 2017 च्या नियमांतलं कलम मात्र मार्गदर्शक तत्त्वांवर बोट ठेवून थांबलं, म्हणजे 'करावं' या सुरात. विध्यर्थ हा फार सोयीचा अर्थ आहे. त्यात इच्छा मावते, उपदेश मावतो, फक्त तारीख मावत नाही. राजीव रतुडी या दृष्टिहीन नागरिकाच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानकं बनवायला सांगितलं. निकालपत्र लांब आहे. आठवीतल्या मुलाला सांगायचं तर 'करावे'चं 'केलेच पाहिजे' करा, एवढंच.

पडद्यावरची दुनियाही जिन्यांनी भरली आहे. बँकेचं खातं मोबाइलवर उघडताना सूचना येते, पापणी लववा. समोर जिवंत माणूस आहे याचा तो पुरावा. ॲसिड हल्ल्यात पापण्या गेलेल्या स्त्रियांना तो देता येईना. त्यांच्यातल्या प्रज्ञा प्रसून यांच्या प्रकरणात 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांची सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ज्यानं ती सूचना लिहिली तो काही दुष्ट नसणार. 'जिवंत' या शब्दाची त्याची व्याख्या पापणीएवढी होती. मराठीपुरतं बोलायचं तर आपण कितीतरी वर्षं युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये मजकूर छापत आलो. डोळ्यांना तो मराठी दिसतो. दृष्टिहीन वाचकाच्या संगणकातला वाचक-आवाज त्याच मजकुराचे कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं वाचतो. त्या वाचकापुरतं ते पुस्तक मराठीत नाहीच.

एक कबुली देऊन ठेवतो. सगळ्याच अडचणी जिन्यात नसतात. काकूंचा गुडघा दुखतो, आणि ते दुखणं मी कितीही चांगला रॅम्प बांधला तरी रात्री त्यांना झोपू देत नाही. 'सगळं समाजाचंच' असं म्हणणाऱ्यांना हे दुखणं वाक्यात कुठं ठेवावं ते कळत नाही. मराठीत त्यालाही जागा आहे, आणि तीही चतुर्थीतच: मला दुखतं. तिथं आर्किटेक्टनं गप्प बसावं.

आता आटोपतो. खाली स्पीकरवरून ऐकताना खुर्चीवर तासभर बसवणं सोपं नाही, हे मला माहीत आहे. संयोजकांशी मी बोललो आहे. लिफ्टला पैसे नाहीत, आणि खालचा हॉल पुढच्या वर्षी मिळेल की नाही, नक्की नाही. मी एवढंच मागितलं, की पुढच्या पत्रिकेवर 'सर्वांस आग्रहाचे निमंत्रण' याच्या खाली आणखी एक ओळ छापा. मजकूर मी लिहून दिला आहे: सभागृह पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या, त्यातल्या तीन उंच, कठडा डावीकडे, वळणावर नाही, लिफ्ट नाही. कार्यवाह म्हणाले, असं छापलं तर बरं दिसणार नाही.